खिळ्यावर टांगलेले गुण

तपासणीच्या टेबलामागच्या भिंतीत एक खिळा होता. ज्या कारागिराच्या कापडाच्या ताक्यात दोष निघे, त्याच्या नावाची चिठ्ठी त्या खिळ्यावर टांगली जाई. पाळी बदलताना तेथूनच जावे लागे. येणारे वाचत, जाणारे वाचत. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना दुसरा कोणी वाचून दाखवी.

त्या सकाळी सात वाजता त्या खिळ्यावर माझे गुणपत्र होते.

ते शेठने स्वतः टांगले होते. पाकिटावर नाव माझे होते, पत्ता कारखान्याचा. सुरतेच्या लिंबायतमधील आमच्या गल्लीत टपाल हमखास पोहोचत नसे, म्हणून मीच तो पत्ता दिला होता. शेठने पाकीट फोडले, कागद वाचला आणि खिळ्याला अडकवला. मग टेबलावरची मोजपट्टी उचलली आणि कागदावर टेकवली.

"जुओ भाईओ, मास्तरनो ताको चेक थईने आव्यो. सो मीटर. बावन साजा, अडतालीस डॅमेज!"

चाळीस माणसे उभी होती. थोडी हसली. शेठ थांबला, त्यांच्याकडे पाहिले. मग सगळी हसली.

"आने तो चिंदीमां नाखवो पडे," शेठ म्हणाला आणि ऑफिसात गेला.

त्या काळी मी त्याला अहोजाहो करीत असे. लिहिताना करणार नाही.

मी त्या कारखान्यात मास्तर होतो. मास्तर म्हणजे शिक्षक नव्हे. सुरतेत माग दुरुस्त करणाऱ्याला मास्तर म्हणतात. अठ्ठेचाळीस माग माझ्या हाताखाली होते. धोटा कोठे अडतो, ताणा कोणत्या बाजूने ढिला पडला आहे, हे मी आवाजावरून सांगत असे. धुळ्याकडून मी कारागीर म्हणून आलो. चार वर्षे दुसऱ्या कारखान्यात दोन दोन माग चालवले, मग पाना हाती घेतला. नोकरी करून बाहेरून देता येणारी अभियांत्रिकीची परीक्षा होती. तिचे दोन्ही भाग सात वर्षांत पूर्ण केले. ते पदवीसमान मानले जात असे. त्यापुढे वस्त्रअभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा होती. ती उत्तीर्ण झालो असतो तर दोन वर्षे महाविद्यालयात बसून शिकलो असतो आणि पुढे कदाचित खरोखरचा मास्तर झालो असतो. वय चौतीस होते. मला एवढेच हवे होते, की माग माझ्यासमोर असावा आणि मी त्याच्याखाली नसावे.

परीक्षेत शंभर प्रश्न होते. प्रत्येकाला चार पर्याय, पेन्सिलीने एक गोल काळा करायचा. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. कोऱ्या जागेला काहीच वजा नाही. हा नियम पहिल्या पानावर छापलेला होता. मी तो वाचला. मला तो समजला. माझ्या हाताला समजला नाही.

याचे कारण सांगतो. निमित्त म्हणून नव्हे.

मागावर आडवा धागा संपला आणि माग तसाच दोन फेरे चालला, तर कापडात झिरी पडते. तपासणीच्या टेबलाला काच असते, काचेखाली ट्यूबलाइट. ताका त्यावरून सरकतो. झिरी पडलेली असेल तर उजेड आरपार दिसतो. लपवता येत नाही. चुकीचा धागा मात्र पुष्कळदा निसटतो. म्हणून मागावर उभा राहणारा पहिल्या आठवड्यात एकच धडा शिकतो: योग्य धाग्याची कांडी हाताशी नसेल, तर मिळेल ती कांडी घाल, पण जागा रिकामी सोडू नकोस. हा धडा मी घेतला होता आणि पुढे नव्या कारागिरांना दिलाही होता. कित्येकांच्या डोक्यात टपली मारून.

त्या परीक्षेत मला पन्नास-एक प्रश्न खात्रीने येत होते. उरलेले येत नव्हते. त्यांच्यासमोरचे कोरे गोल मला काचेखालच्या उजेडासारखे दिसू लागले. वेळ संपण्यापूर्वी मी शंभरच्या शंभर भरले. पेन्सिल खाली ठेवली, तेव्हा ताका पुरा केल्याचे समाधान वाटले होते.

बावन्न बरोबर. अठ्ठेचाळीस चूक. वजा चोवीस. उरले अठ्ठावीस.

पात्रतेची रेषा पस्तीस होती.

खिळ्याचा एक नियम होता. चिठ्ठी कारागिराने काढायची नसे. शेठच्या मनात येईल तेव्हा शेठ काढी. मी तो नियम पाळला. आठवडाभर रोज दोनदा त्या कागदाखालून गेलो. माझा कागद, माझे नाव, आणि मी मान खाली घालून त्याच्याखालून जात होतो. याची लाज मला शेठच्या हसण्याहून अधिक आहे.

दुसऱ्या दिवसापासून कारागीर बोलू लागले. तिसऱ्या ओळीतून एकाने ओरडून मागितले, "मास्तर, अठ्ठावीसचा पाना द्या ना!" दुसरा म्हणाला, "अरे, तो मास्तरांच्या खिशातच असतो." मी अठ्ठावीसचा पाना त्याच्या हातात दिला. मला विनोद करता येत नाही. केलेला सहनही होत नाही.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे. चांगला चालणारा माग मी उघडून पुन्हा बसवला. का उघडला, असे कारागिराने विचारले. मी पुढचा बोल्ट सैल केला. दुपारच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी गोडादऱ्यापर्यंत चालत जात असे आणि चालतच परत येत असे. वाटेत प्रश्न सोडवीत असे. एकतिसाव्याचे उत्तर क होते. त्रेचाळिसाव्याचे ब. येताना पुन्हा तेच. वैशाखाचे ऊन होते. पायांत चपला होत्या की नाही, हे एकदा पाहावे लागले.

सातव्या दिवशी दुपारी शेठने ऑफिसात बोलावले.

ऑफिसात शेठ होता आणि त्याचा मुलगा केतन. केतनने तीच परीक्षा दिली होती. तो नियमित महाविद्यालयातून शिकलेला. त्याचे गुणपत्र खिळ्यावर नव्हते. ते त्याच्या खिशात होते.

कोपऱ्यात माठ होता. त्या माठातले पाणी कारागिरांसाठी नव्हते. त्यांना बाहेर टाकी होती. मास्तर म्हणून मला मात्र माठातले पाणी चाले. शेठच्याच पेल्यातून. ही सवलत मला नऊ वर्षे होती आणि मी ती मान म्हणून बाळगली होती.

"बेसो, मास्तर," शेठ म्हणाला. "दिल पर मत लो. मजाक करी." चहा सांगितला. मग केतनकडे बोट दाखवले. "आनुं पण रही गयुं. तेत्रीस."

केतन खुर्चीत मागे रेलला होता. "पच्चीसवाळा अंदर, ने हुं तेत्रीसवाळो बहार," तो म्हणाला.

"पंचवीस कसे?" मी विचारले.

"अनामतवाळा. एमनी लाइन पच्चीस. चोपडीमां छापेलुं छे, तमे नहीं वांच्युं?"

वाचले नव्हते. माहितीपत्रकातील आरक्षणाचे ते पान मी मुद्दाम उलटले होते.

शेठने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. नऊ वर्षांत प्रथमच. "जुओ मास्तर, आपणा जेवा महेनत करे, ने सीट पेला लोको लई जाय. भणतर तो लोहीमां जोईए. ए लोकोना लोहीमां नथी. साची वात के नहीं?"

तो हात गुडघ्यावर होता. चहा आला होता. केतन माझ्याकडे पाहत होता.

मी म्हणालो, "हो, शेठ."

मोजपट्टी कागदावर टेकवून चाळीस माणसांपुढे मला हसणारा शेठ मला आजही फारसा आठवत नाही. तो हात आठवतो. त्याने मला आपल्यात घेतले होते. मी गेलो.

आता काय लपवले होते ते सांगतो. माझे आडनाव गावाच्या नावावरून पडलेले आहे. त्यातून जात कळत नाही. सुरतेत आलो तेव्हा कोणी विचारले, तर मी गावाचे नाव सांगून विषय बदलत असे. खोटे कधी बोललो नाही. कोरे सोडले. परीक्षेच्या अर्जातही जातीचा रकाना होता. शंभर गोल भरणाऱ्या माझ्या हाताने तेवढाच एक रकाना कोरा सोडला. अर्ज कारखान्याच्या टपालातून जाणार होता, आणि मला माठाचे पाणी हवे होते.

माझा बाप दोर वळत असे. घायपात कुजवून, पिंजून, मांडीवर पीळ देऊन. गावातील प्रत्येक बैल माझ्या बापाच्या दोराने बांधलेला होता. आणि गावातील प्रत्येक घर त्याला ओट्याखाली उभे करीत असे.

संध्याकाळी घरी गेलो. पत्नी साड्यांवर टिकल्या चिकटवीत बसली होती. त्या काळी गल्लीतील बहुतेक बायका ते काम घरी आणीत. मी ताटावर बसलो आणि तसाच उठलो. दारापर्यंत गेलो. परत आलो.

"काय जयं?" तिने विचारले. आम्ही घरात अहिराणी बोलतो.

"काही नही."

"काही नही कशाले? आठ दिन व्हयनात, घरमा फेऱ्या मारी रायनात."

मी सर्व सांगितले. मोजपट्टी, केतन, पंचवीस, गुडघा. ती टिकल्या लावीतच राहिली.

"मंग तुम्ही काय बोलनात?"

"हो बोलनू."

तिचा हात थांबला. डिंकाचे बोट तिने साडीच्या काठाला पुसले, जे ती कधी करीत नसे, कारण डाग पडला तर साडी परत येते. मग म्हणाली, "शंभर गोल भरात तुम्हीन. एकच जागा मोकळी सोडी. तीच तर आपली व्हती."

तिने वाढलेले ताट झाकून ठेवले आणि पुन्हा साडी ओढली.

पत्र्याच्या पेटीत माझा जातीचा दाखला होता. मी शाळेत असताना बापाने तालुक्याला तीन खेपा घालून तो आणला होता. पहिल्या खेपेला साहेब नव्हता. दुसऱ्या खेपेला शिक्का नव्हता. तिसऱ्या खेपेला शिपायाने एक नाडा वळून मागितला. बापाने तेथेच कचेरीच्या पायरीवर बसून वळून दिला. तो कागद घडीवर फाटत आला होता. मी तो काढला, वाचला, पुन्हा ठेवला. अठ्ठावीस हे पंचवीसहून अधिक असतात, हे मला त्या वेळी प्रथम नीट दिसले. मी नापास झालो नव्हतो. मी हजरच नव्हतो.

परंतु मला गुणांचे दुःख करीत बसायचे नव्हते. गुण माझ्या चुकीने गेले होते. तो "हो" चुकीने गेला नव्हता. तो मी दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खिळ्यापाशी उभा राहिलो. तपासणीच्या टेबलावर हिलाल आप्पा होते. ते माझ्याच भागातले, पन्नाशी उलटलेले, रोज सकाळी माझ्या डबीतला चुना घेणारे. पाळी बदलत होती. मी कागदाला हात घातला.

"हात नको लावू भो," आप्पा हळूच म्हणाले. "शेठ काढस तो."

मी कागद काढला. मग खिशातून पकड घेतली आणि खिळाही काढला. खिळा जुना होता, वाकून निघाला. भिंतीतून मूठभर चुना पडला, तपासून ठेवलेल्या ताक्यावर. आप्पा ताका झटकू लागले.

मागे शेठ येऊन उभा होता. "कोणे उतार्यो?"

"मी."

"केम?"

चाळीस माणसे थांबली होती. मी जे बोललो ते मला शब्दशः आठवते, कारण ते मी वाटेत चालताना पाठ केले होते. मला ऐन वेळी बोलणे सुचत नाही.

"शेठ, काल तुम्ही म्हणालात की त्या लोकांच्या रक्तात शिक्षण नाही. मी हो म्हणालो. ते मी परत घेतो. मी मांग आहे. पंचवीसची रेषा माझी आहे. मी रकाना कोरा सोडला म्हणून बाहेर राहिलो. तुमच्या केतनची जागा कोणी घेतली नाही. माझी जागा मी सोडली. आणि रक्ताचे म्हणाल, तर माझा बाप दोर वळत होता. धाग्याला पीळ कसा द्यायचा, हे आमच्या घराला तुमच्या कारखान्याच्या आधीपासून ठाऊक आहे."

कोणी हसले नाही. रात्रपाळीच्या एका माणसाने डबा या हातातून त्या हातात घेतला.

शेठ रागावला नाही. तो दुखावला. हे मला अपेक्षित नव्हते. "तो पहेलां केम ना बोल्या, मास्तर?" तो म्हणाला. "नव वरस!"

"माठातले पाणी मिळाले नसते."

त्याची नजर ऑफिसाच्या दाराकडे गेली. मीही तिकडेच पाहिले. मग तो वळला आणि आत गेला. मी सातव्या मागाचा धोटा अडत होता, तो पाहायला गेलो.

दुपारपर्यंत ऑफिसातला माठ बदललेला होता. नवा माठ, नवा पेला. मला कोणी काही सांगितले नाही. मी बाहेरच्या टाकीवर पाणी प्यालो. ते पाणी कोमट असे. नऊ वर्षे चाळीस माणसे ते पीत होती आणि मी ते कधी चाखलेही नव्हते.

दुसऱ्या सकाळी हिलाल आप्पांनी सवयीने चुन्यासाठी हात पुढे केला. हात अर्ध्यात थांबला. त्यांनी तो मागे घेऊन डोके खाजवले, "आज तमाखूच नही आनी," म्हणाले. त्यांच्या खिशातून पुडी दिसत होती. मी डबी मिटली. त्या दिवसानंतर त्यांनी कधी चुना मागितला नाही, आणि मी कधी पुढे केला नाही.

अठ्ठावीसचा पानाही पुन्हा कोणी थट्टेने मागितला नाही. गुणांवरून चेष्टा बरोबरीच्या माणसाची करतात. आता ते माझ्याशी जपून बोलू लागले.

शेठ वाईट माणूस नव्हता, असे अशा लेखनात म्हणण्याची पद्धत आहे. मी ती पाळणार नाही. त्याने मला कामावरून काढले नाही, हे खरे. अठ्ठेचाळीस माग आवाजावरून ओळखणारा दुसरा माणूस त्याला मिळत नव्हता, हेही खरे. पुढच्या आठवड्यात त्याने नवा खिळा ठोकला. भिंत त्याची होती. पहिली चिठ्ठी ज्या कारागिराची लागली, त्याने ती काढली नाही. मी त्याला काही म्हणालो नाही. काढायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

बातमी लिंबायतमध्ये माझ्या आधी पोहोचली. घरमालकाला अचानक आपल्या पुतण्यासाठी खोली लागली. आम्ही डिंडोलीला गेलो. तेथे खोली घेताना प्रत्येक घरमालकाने गाव विचारले. मी गाव सांगितले आणि जातही सांगितली. तो विचारणारच होता. मी त्याला तेवढे कष्ट दिले नाहीत. पहिल्या दोघांनी नाही म्हटले. तिसऱ्याने दिली. पत्नी दारात टिकल्यांचे गाठोडे घेऊन उभी होती. तिने आत पाहिले, नळ पाहिला आणि गाठोडे खाली ठेवले.

हिवाळ्यात पुन्हा अर्ज निघाले. मी डिंडोलीच्या खोलीत जमिनीवर बसून अर्ज भरला. प्रथम तो रकाना भरला. नाव नंतर. दाखल्याची प्रत जोडली. पत्त्याच्या जागी कारखान्याचा पत्ता लिहिला नाही. पाकीट स्वतः नेऊन टपालात टाकले, भर दुपारी, कारखान्यासमोरच्या पेटीत.

पुढे परीक्षेला बसलो. सभागृह तेच, खुर्ची वेगळी. जे येत होते ते भरले. एकतीस प्रश्न येत नव्हते. घंटा व्हायला वीस मिनिटे होती आणि माझी पेन्सिल त्या एकतीस गोलांवर आपोआप जात होती. हात आवरेना. शेवटी मी पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. पर्यवेक्षक येऊन म्हणाला, "काका, गोल कोरे राहतील ना." मी म्हणालो, "राहू द्या." घंटा होईपर्यंत तसाच बसलो. वीस मिनिटे त्या कोऱ्या जागा माझ्याकडे पाहत होत्या आणि मी त्यांच्याकडे.

त्या वेळी किती गुण पडले, हे विचारणारे अजून भेटतात. मी सांगत नाही. ते पाकीट मी स्वतः फोडले आणि ते कोठल्याही भिंतीवर गेले नाही. येथेही जाणार नाही.

वाकलेला खिळा माझ्याजवळ आहे. दाखल्याबरोबर, त्याच पेटीत. आता वय झाले. इस्पितळात, बँकेत, कचेरीत अजूनही अर्ज पुढे येतात, आणि कारकून म्हणतो, "आजोबा, हा रकाना नाही भरला तरी चालेल."

मला चालत नाही. जे मला येत नाही, ते मी कोरे सोडीन. जो मी आहे, तो भरीन. सर्वांत आधी, शाईने.